लालबागच्या अभ्यासिकेतून, राऊटरवाल्या दादांना

दादा,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं दादा म्हणते. पण थँक्यू मला सगळ्यांसमोरच म्हणायचंय, फोनवर म्हटलं की तुम्ही लगेच "ठीक आहे हो ताई" करून विषय बदलता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या अभ्यासिकेत २२ कॉम्प्युटर आहेत, सगळे कुठून ना कुठून मागून आणलेले, आणि येणारी मुलं एमपीएससीची, पोलीस भरतीची, बँकेच्या परीक्षांची. घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो, तिथे कसला अभ्यास होतो. फॉर्मची शेवटची तारीख आली की सगळी एकदम ऑनलाइन बसायची आणि आमचा छोटा वायफाय राऊटर लटकायचा, बंद करा चालू करा बंद करा चालू करा, दिवसातून दहादा. मग एका ऑफिसने जागा बदलताना त्यांचा सिस्को कंपनीचा १८४१ मॉडेलचा राऊटर आम्हाला देऊन टाकला. मशीन जड, दणकट, पण ब्राउझरमधून काही केल्या आत शिरता येईना आणि जुना पासवर्ड त्या ऑफिसातसुद्धा कोणाला आठवत नव्हता. दोन जण बघून गेले, दोघंही म्हणाले भंगारात घाला.

मी तरी लॅमिंग्टन रोडला गेले. काउंटरवर मी "राऊटरची केबल" मागतेय आणि दुकानदार मला साधी लॅनची केबल दाखवतोय, असं चाललं होतं. तुम्ही बाजूला तुमचं सामान घेत उभे होतात. "ताई, मॉडेल कुठलं आहे?" एवढंच विचारलंत. मी फोनमधला फोटो दाखवला. तुम्ही झूम करून म्हणालात, हे निळं पोर्ट म्हणजे कन्सोल, थेट कॉम्प्युटर जोडून राऊटरच्या आत शिरायचं दार, हे काळं ऑक्स, तुम्हाला निळ्याची केबल पाहिजे. त्या दुकानात ती संपली होती. तर तुम्ही स्वतःच्या बॅगेतून ती चपटी निळी केबल काढलीत आणि नाईट शिफ्टला जायच्या आधी ग्रँट रोडवरून सरळ माझ्याबरोबर लालबागला आलात. ओळख ना पाळख.

आता मला ज्याच्यासाठी खरे आभार मानायचेत ते सांगते. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. खुर्ची मागे ओढून बसलात, म्हणालात, "टाइप तुम्ही करा, आणि प्रत्येक ओळ वहीत लिहा, मी उद्या इथे नसणार." तुम्हाला स्वतःला ते पंधरा मिनिटांचं काम होतं, माझ्यामुळे तीन तास गेले, आणि त्या तीन तासांत तुम्ही एकदाही "द्या इकडे" म्हणाला नाहीत.

पुट्टी म्हणजे राऊटरला टाइप करून हुकूम द्यायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, त्यात सिरियल, स्पीड ९६००. काळा स्क्रीन. राऊटर चालू करून पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक सिग्नल द्यायचा होता आणि माझ्या लॅपटॉपवर ब्रेकची की-च नाही, मी घाबरले, तर तुम्ही शांतपणे पुट्टीच्या मेनूत स्पेशल कमांडमध्ये ब्रेक दाखवलंत. रॉममॉन आलं, म्हणजे राऊटर पूर्ण उठायच्या आधीचा दुरुस्तीचा स्क्रीन. कॉनफ्रेग झिरो एक्स २१४२, मग रिसेट, आणि राऊटर जुनी सेटिंग न वाचताच उठला, पासवर्ड मागितलाच नाही. दोन जणांनी भंगार ठरवलेलं मशीन होतं हो ते!

मग मी "इनेबल", म्हणजे सेटिंग बदलायचे पूर्ण अधिकार मागायची कमांड, चुकीची टाइप केली आणि सगळं अडकलं, स्क्रीनवर "ट्रान्सलेटिंग" असं काहीतरी येऊन गप्प. मला वाटलं मोडलं. तुम्ही समजावलंत की त्याला तो शब्द कमांड म्हणून कळला नाही म्हणून तो ते एखाद्या मशीनचं नाव समजून शोधत बसलाय, कंट्रोल शिफ्ट ६ दाबा, सुटेल. आणि पुन्हा होऊ नये म्हणून नो आयपी डोमेन लूकअप. वहीच्या पहिल्या पानावर ती ओळ मी लाल पेनाने लिहिलीये. त्याच्याखाली तुमचं वाक्य, "अडलात की प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय चालतं ते राऊटर स्वतःच सांगतो." हे मी आजही दिवसाला दहा वेळा करते.

पोर्टची यादी बघायला शो आयपी इंटरफेस ब्रीफ केलं तर दोन्ही पोर्ट ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन. केबल खराब का असं मी विचारलं. नाही, म्हणालात, या राऊटरचे पोर्ट मुळातच बंद असतात, आपण नो शटडाऊन म्हणेपर्यंत उघडत नाहीत. आतल्या पोर्टला १९२.१६८.१.१ दिला, पहिले काही पत्ते प्रिंटरसाठी वगळले, बाकीचे कॉम्प्युटरना आपोआप वाटायला डीएचसीपीचा पूल केला, बाहेरच्या बाजूला डायलर, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करणारा भाग, करून त्यात इंटरनेटवाल्याचं युजरनेम पासवर्ड टाकलं. आणि मग ती लांबलचक ओळ, आयपी नॅट इनसाइड सोर्स लिस्ट १ इंटरफेस डायलर १ ओव्हरलोड. तिथे मी थांबले, म्हटलं हे नुसतं लिहून नाही चालणार, मला कळलं पाहिजे. तुम्ही खिडकीतून समोरची चाळ दाखवलीत. पोस्टमनसाठी पत्ता एकच, आत खोली नंबर वेगवेगळे, आणि कुठलं पत्र कुठल्या खोलीचं ते लिहून ठेवणारा माणूस म्हणजे ओव्हरलोड, फक्त तो खोलीऐवजी पोर्ट नंबर लिहितो. एवढं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

नेट चालू झालं, मुलं टाळ्या वाजवायला लागली, आणि तुम्ही मात्र बटणावर बोट ठेवून मला विचारलंत, "आत्ता लाइट गेली तर?" मला उत्तर येईना. तेव्हा कळलं की रनिंग सेटिंग म्हणजे रॅममधलं, वीज गेली की गेलं, ते स्टार्टअपमध्ये कॉपी करायचं. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण २१४२ तसाच राहिला तर राऊटर पुढच्या वेळीही सेव्ह केलेलं वाचणारच नाही, तो परत २१०२ करायचा. शो व्हर्जनच्या अगदी शेवटच्या ओळीत ते दिसलं तेव्हा कुठे तुम्ही मला बटण बंद करू दिलंत. दोन-तीन मिनिटं माझा जीव टांगणीला. मग एकेक कॉम्प्युटरवर परत नेट आलं.

दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली व्हॉट्सॲप चालतंय पण एक फॉर्मची साइट अर्धी उघडून फिरत बसते. तुम्ही रात्रभर जागून झोपला असणार, तरी फोन उचललात. माझ्याकडून विंडोजवर पिंग करून घेतलंत, म्हणजे ठरावीक मापाचं पाकीट पाठवून ते जातं का बघायचं, मायनस एफ, मायनस एल १४७२, नाही गेलं, १४६४ गेलं, त्यात पाकिटाचे स्वतःचे २८ बाइट धरले की १४९२. पीपीपीओई, म्हणजे इंटरनेटवाल्याची युजरनेम पासवर्डने जोडायची पद्धत, स्वतःचे ८ बाइट घेतो म्हणून १५०० ऐवजी १४९२ च जागा उरते, आणि काही साइटना ते कळतच नाही. आतल्या पोर्टवर आयपी टीसीपी ॲडजस्ट एमएसएस १४५२, म्हणजे एका पाकिटात माल एवढाच भरा असं सांगणारी एक ओळ, आणि पानं उघडली. त्या दिवशी एका मुलीचा फॉर्म संध्याकाळी सहाला भरला गेला, शेवटचा दिवस होता.

आणि आता बातमी. मागच्या महिन्यात आम्ही इंटरनेटवाला बदलला. तुम्हाला फोन नाही केला. मुद्दाम नाही केला. वही काढली, त्याच मुलीला शेजारी बसवलं, मी बोलले आणि तिने टाइप केलं. आधी रीलोड इन १०, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, म्हणजे काही चुकून आपण बाहेर फेकलो गेलो तरी दहा मिनिटांनी राऊटर जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येईल. नवीन युजरनेम पासवर्ड टाकला, डायलरला आयपी मिळाला, पिंग गेलं, मग रीलोड कॅन्सल, मग सेव्ह. चोवीस मिनिटं लागली, तिने मोबाइलवर टाइम लावला होता. आता ती सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, कुठे करायचं विचारतेय, तर त्याबद्दल तिला तुमच्याशी बोलायचंय, रविवारी जमेल का ते कळवा.

तुमची निळी केबल अजून आमच्याकडेच आहे. हरवू नये म्हणून राऊटरच्या स्टँडलाच सुतळीने बांधून ठेवलीये. मी आमच्यासाठी दुसरी आणली आहे, तुमची तुम्ही आलात की सोडून देते.

तुमची,
अभ्यासिकेतली ताई