अर्ज कोणी केला, हे तपासणीतूनच कळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात सरकारी तपासणी झाली, की दुसऱ्या दिवशी ‘तक्रारीचा अर्ज कोणी केला?’ हीच चर्चा. नाव कोणी सांगायची गरजच नसते. निरीक्षक आत शिरून थेट एकाच कामगाराची हजेरी मागतो, तिथेच ते फुटते.

हे टाळण्यासाठीच कारखाने कायद्यात 1987 साली कलम 118-अ घातले गेले. तक्रारदार कोण हे तर गुप्त ठेवायचेच, पण तपासणी तक्रारीवरून होते आहे हेही मालकाला कळू द्यायचे नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या, निरीक्षकाचे पदनाम बदलले. तरी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 81 क्रमांकाचा करार भारताने 1949 मध्येच स्वीकारला आहे आणि त्याच्या अनुच्छेद 15 मध्ये हेच बंधन आहे.

म्हणून निरीक्षकाने दप्तर मागायचे ते सगळ्या पाळ्यांचे, निदान तीन महिन्यांचे मागावे. मस्टर म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक आणि बँकेत जमा झालेली रक्कम शेजारी ठेवली की खोट दिसते. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत उरकलेल्या असतात. जबाब मागांच्या खडखडाटात, जॉबर (मागांवरचा मुकादम) शेजारी उभा असताना घेऊ नयेत. पाच-सात जणांना एकेक करून बाजूला बोलवावे. तेलुगूभाषक कामगाराचा जबाब मराठीत लिहिला, तर सहीआधी त्याला तेलुगूत वाचून दाखवावा. नोटिशीला मूळ अर्ज तर कधीच जोडू नये. सर्वांत घातक चूक हीच, कारण हस्ताक्षर ओळखू येते.

मालकही गुप्ततेचे कारण पुढे करतात. रंगाचे मिश्रण, चादरीचे नवे जकार्ड डिझाइन निरीक्षकाने बाहेर फोडू नये, हे रास्तच. पण कोण किती तास राबला हे धंद्याचे गुपित कसे?

माहिती अधिकारात कोणी तक्रारीची प्रत मागितली, तर कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड करणारा भाग कलम 8 खाली नाकारता येतो. कार्यालयांनी तो नाकारावा.

स्वतःचा थकलेला पगार मागणाऱ्याचे नाव मात्र झाकता येत नाही, कारण मालकाला त्यावर उत्तर द्यायचे असते. तेव्हा कामगारांनी दोन्ही गोष्टी एका अर्जात घालू नयेत. थकबाकीचा अर्ज नावानिशी करावा. हजेरी किंवा सुरक्षेची तक्रार वेगळ्या कागदावर, ‘नाव उघड करण्यास माझी संमती नाही’ असे स्पष्ट लिहून द्यावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर