स्वतःचे यंत्र बंद करणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघड लिहीत आहे.

त्या सकाळी जमिनीतली नाणी शोधायला नवा मेटल डिटेक्टर घेऊन आलो होतो, पण तो सारखा वाजतच राहिल्याने मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो. यंत्र विकणाऱ्याने ‘सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा, म्हणजे खोलवरची नाणी सापडतील’ एवढाच मंत्र दिला होता आणि पुन्हा विचारायला गेलो तेव्हा माहितीपुस्तिकेकडे बोट दाखवून वाटेला लावले होते. ‘सारखे वाजते म्हणजे तुम्ही खजिन्यावरच उभे आहात’, अशी थट्टा करणारे जाणकारही भेटले. त्यांपैकी एकानेही यंत्राला हात लावला नाही.

तुम्ही मात्र माझ्यापर्यंत आलात, क्षणभर ऐकलेत आणि काही न बोलता मागे जाऊन स्वतःचे चालू यंत्र बंद करून झाडाला टेकवून ठेवलेत. शेजारी जवळच्याच फ्रीक्वेन्सीचे दुसरे यंत्र चालू असले की दोन्ही एकमेकांना त्रास देतात, हे तुम्ही नंतर सांगितलेत. पण पावसाने माती मऊ झालेली अशी सकाळ शोधकाला रोज मिळत नाही आणि ती तुम्ही माझ्यासाठी सोडून दिलीत, हे तुम्ही अजिबात बोलून दाखवले नाहीत. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा झाडाला टेकलेले ते मुके यंत्रच मला अधिक आठवते.

लोहयुक्त माती स्वतःच यंत्राला उत्तर देते, म्हणून धातू नसलेल्या स्वच्छ जागेवर कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, वरखाली करून ग्राउंड बॅलन्स करायचा असतो, म्हणजे यंत्राला त्या मातीकडे दुर्लक्ष करायला लावायचे असते, हे तेव्हा प्रथम कळले. माझ्या बुटांच्या टोकांतले पोलादही तुम्हीच ओळखलेत आणि १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधताना ग्रॅहम बेल यांच्या यंत्राला पलंगातल्या स्प्रिंगांनी कसे चकवले, ते सांगून माझी लाज हलकी केलीत. अॅल्युमिनियमच्या कागदाचा वैताग टाळण्यासाठी मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणारी सोय, वाढवू लागलो, तेव्हा लहान, पातळ नाणीही त्याच पट्ट्यात येतात म्हणून थांबवलेत. माझी कॉइल प्रत्येक फेरीच्या टोकाला झोपाळ्यासारखी वर जात होती. तुम्ही माझे कोपर धरून ती जमिनीला समांतर फिरवलीत, आणि यंत्र पहिल्यांदा गप्प झाले.

मग स्वतःच्या खिशातली दोन नाणी तुम्ही पुरलीत, एक आडवे आणि एक उभे. आडव्याचा आवाज ठसठशीत होता. उभ्याचा इतका तुटक, की मी तो खिळ्याचा समजून पुढे गेलो असतो. आडवे नाणे मी खुरप्याने काढले आणि खड्डा बुजवायचे माझ्या ध्यानात येण्याआधीच तुम्ही गवताचे ढेकूळ परत बसवून तळव्याने दाबलेत. परक्याच्या गोंधळासाठी माणूस आपला वेळ असा देतो आणि खणलेली जागाही जशीच्या तशी ठेवतो, हा साधा चांगुलपणा मला इतका अनपेक्षित वाटावा, याचेच वाईट वाटले.

उभे पुरलेले नाणे काढायचे मात्र आपण दोघेही विसरलो. पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो, तेव्हा तोच तुटक आवाज दोन्ही दिशांनी फिरवून तपासला आणि ते शोधून काढले. ते अजून माझ्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहे. तुमचे आहे, भेटलात की परत करायचे आहे.

आपला ऋणी,
बुटांत पोलाद घालून आलेला नवशिका