एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या देखभालीसंबंधी बैठक

वाड्यावरील सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, पावसाळ्यात वीज जाऊन फोन बंद पडण्याचे प्रकार सुरू होण्यापूर्वी, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे कोणत्या घराने लक्ष ठेवावे हे ठरविण्यासाठी येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता देवळाच्या अग्रशाळेत बैठक होईल. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे.

काम थोडे, पण रोजचे आहे. पोदेराने (पाववाल्याने) फाटकावरच्या पिशवीत टाकलेले पाव सकाळी आठपर्यंत तसेच असतील किंवा तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा दिसला नाही, तर शेजाऱ्याने हाक मारावी. ओ आली नाही तर इतरांना बोलावून दार उघडण्याची खटपट करावी आणि गरज दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन सल्ल्यासाठी आहे, तातडीच्या प्रसंगासाठी नव्हे.

एरवीची विचारपूस सहज व्हावी. चार फणसाचे गरे घेऊन गेले म्हणजे हजेरी घेतल्यासारखे वाटत नाही.

१. दुसरी चावी शेजारी ठेवणे ऐच्छिक आहे. ती कोणाकडे द्यावी हे ज्येष्ठांनीच ठरवावे.
२. कोण एकटे राहते व चावी कोणाकडे आहे, हे ग्रुपवर लिहू नये. मदतीचे फोटो तर मुळीच टाकू नयेत.
३. चालू औषधांची नावे व परगावच्या मुलांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवून द्यावेत.

बैठकीस येणे शक्य नसल्यास शनिवारपर्यंत सचिवांना कळवावे.