सॅकच्या रकान्यात न मावणारा लाईनमन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला. क्वार्टरबॅकविषयी (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूविषयी) त्यात भरपूर आणि चांगली माहिती आहे. बचावफळीतल्या लाईनमनची, म्हणजे चेंडूसमोरच्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूंची, मात्र ‘वाट अडवून उभे राहणारे धिप्पाड खेळाडू’ एवढ्यावर बोळवण झाली आहे. असा समज खुद्द अमेरिकेतही पुष्कळ प्रेक्षकांचा असतो. तो किती तोकडा आहे, हे नेब्रास्का विद्यापीठाच्या एन्डामुकोंग सू या खेळाडूच्या कारकिर्दीवरून चांगले कळते, म्हणून हे पत्र.

सूचा जन्म ६ जानेवारी १९८७ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. वडील कॅमेरूनहून आलेले, घरांच्या हीटिंग-कूलिंगची कामे करणारे. आई जमैकाची, प्राथमिक शिक्षिका. घरातला खेळ म्हणजे सॉकर, आणि सूही आधी तोच खेळला. ग्रँट हायस्कूलमध्ये तो बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल खेळलाच, शिवाय गोळाफेकीत ६१ फूट ४ इंच, म्हणजे जवळपास १८.७ मीटर फेक करून राज्य विजेता झाला. ही गोळाफेक सहज उल्लेखायची गोष्ट नाही. गोळा दंडाच्या ताकदीवर जात नाही. पायातून उठलेला जोर कंबरेतून वळून तळहातापर्यंत पोहोचतो तेव्हा जातो. लाईनमनची पहिली धडक नेमकी तशीच असते.

२००५ मध्ये तो नेब्रास्काला आला आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे पहिला हंगाम जवळजवळ वायाच गेला. २००७ मध्ये त्याच्या नावावर ३४ टॅकल (चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडणे) आणि फक्त एक सॅक होता. सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला स्क्रिमेज रेषेच्या (जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या) मागे पाडणे. त्या वर्षी सगळी बचावफळीच कोसळली होती. कॅन्ससने एका सामन्यात ७६ गुण ठोकले. २००८ साठी बो पेलिनी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच सूने ७६ टॅकल केले. नेब्रास्काच्या बचावात सर्वाधिक टॅकल त्याचेच. मधल्या जागेवरचा लाईनमन त्या यादीत सहसा वर येत नाही, कारण त्याच्यामागे मोकळे धावणारे लाईनबॅकर ते टॅकल घेऊन जातात. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे दोन पास मध्येच झेलून दोन्हींवर टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण!

फरक पडला तो शिकवण्याच्या पद्धतीने. अनेक संघांत लाईनमनला एकच फट सांभाळायला देतात: स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की त्या फटीतून मुसंडी मारायची. पेलिनींच्या पद्धतीत समोरच्या ब्लॉकरच्या (अडवायला आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या) डावीकडची आणि उजवीकडचीही फट एकाच्याच अंगावर असते. त्यामुळे आधी ब्लॉकरला हातांच्या अंतरावर धरून ठेवायचे, चेंडू कुठे चाललाय ते पाहायचे, आणि मग त्याला भिरकावून तिकडे जायचे.

हे करताना पावलोपावली चुका होतात. सुरुवात तीन टेकूंच्या पवित्र्यातून होते: एक हात जमिनीवर, कंबर खाली, पाठ सपाट. नजर फक्त चेंडूवर. कबड्डीत घोटा धरणारा जसा चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही, तसे इथे क्वार्टरबॅकच्या आवाजाकडे लक्ष द्यायचे नाही. तो मुद्दाम आवाज चढवून फसवतो, लाईनमन आधीच उसळतो आणि संघाला ५ यार्डांचा दंड बसतो. पहिले पाऊल अगदी आखूड, सहा इंचांचे. लांब टाकले की एक पाय हवेत असतानाच टक्कर होते आणि तोल जातो. दोन्ही तळहात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, त्याच्या हातांच्या आतून, अंगठे वर. हात बाहेरून गेले की ब्लॉकर जर्सीखालचे पॅड पकडतो आणि मग सुटका नाही. शेवटी कोपर सरळ करायचे. कोपर वाकलेले राहिले तर छाती छातीला भिडते, समोरचे काही दिसत नाही, आणि चेंडू घेऊन धावणारा बाजूने निघून जातो.

खरी परीक्षा डबल टीमची, म्हणजे सेंटर (चेंडू मागे देणारा) आणि त्याच्या शेजारचा गार्ड दोघे मिळून एकाच लाईनमनवर येतात तेव्हाची. अशा वेळी उभा राहिला की संपला. तीन-चार यार्ड मागे ढकलला जातो, तोही आपल्याच लाईनबॅकरच्या अंगावर. उपाय असा की दोघांशी एकदम लढायचे नाही. एकावर सगळा भार टाकायचा, दुसऱ्याकडचा खांदा खाली घालायचा. तेही जमत नसेल तर त्या बाजूचा गुडघा सरळ जमिनीला टेकवायचा. मग दोन ब्लॉकर तिथेच अडकतात आणि मागचा लाईनबॅकर मोकळा राहतो. आकडेवारीत याची नोंद शून्य.

म्हणूनच ३१ ऑक्टोबर २००९ चा बेलरविरुद्धचा सामना महत्त्वाचा वाटतो. त्यात पाच सॅक झाले ते जेरेड क्रिकचे, सूच्या शेजारी खेळणाऱ्या लाईनमनचे. नेब्रास्काचा तो विक्रम ठरला. क्रिक गुणी होताच, पण त्या हंगामात डबल टीम सूवर जात असे आणि क्रिकला बहुतेक वेळा एकाच ब्लॉकरशी सामना करावा लागे, हेही तितकेच खरे.

सूचे स्वतःचे २००९ चे आकडे: ८५ टॅकल, १२ सॅक, २८ वेळा क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकायला लावणे, १० पास हाताने पाडणे, ३ किक अडवणे आणि प्रतिस्पर्ध्याचा एक पास मध्येच झेलणे. यातले १० पास मला सर्वांत मोलाचे वाटतात. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे जमणार नाही हे उमगल्यावर लाईनमनने धक्काबुक्की चालू ठेवण्यात अर्थ नसतो. क्वार्टरबॅकचा दुसरा हात चेंडूवरून सुटला की चेंडू निघणार. त्याच क्षणी थांबून फेकीच्या रेषेत हात वर करायचा. उडी मारायची नाही, कारण चेंडू फेकण्याची नुसती हूल असेल तर हवेतला माणूस काहीच करू शकत नाही.

५ डिसेंबर २००९ ला टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटाचा अंतिम सामना झाला. समोर अपराजित टेक्सास. सूने १२ टॅकल केले, त्यांतले ७ रेषेच्या मागे, आणि सॅक साडेचार. (दोघांनी मिळून पाडले की प्रत्येकाला अर्धा.) टेक्सासला सामनाभरात जेमतेम २०२ यार्ड मिळाले. तरी नेब्रास्का हरले, १३-१२. वेळ संपली असे वाटत असताना घड्याळात एक सेकंद परत घातला गेला आणि टेक्सासच्या हंटर लॉरेन्सच्या ४६ यार्डांच्या किकने निकाल लागला. लाईनमनने इतके करूनही सामना हातचा जातो, कारण त्याच्या संघाची आक्रमणफळी त्या दिवशी एकही टचडाऊन करू शकली नाही.

त्या वर्षी आउटलंड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक हे लाईनमन आणि बचावपटूंसाठीचे चारही पुरस्कार सूला मिळाले. असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. हाइसमन करंडकाच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वांत मानाच्या पुरस्काराच्या) मतदानात मात्र ८१५ गुणांसह चौथा. निव्वळ बचावफळीच्या एकाही लाईनमनला हाइसमन आजवर मिळालेला नाही. १९८० मध्ये ह्यू ग्रीन आणि २०२१ मध्ये एडन हचिन्सन दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तेवढेच. मतदार आकडे पाहतात आणि गुण करणाऱ्यांचे आकडे मोठे असतात, ही साधी गोष्ट आहे. मला ती अन्याय्य वाटते.

सू २००८ नंतरच व्यावसायिक लीगकडे जाऊ शकला असता. तो एक वर्ष थांबला आणि त्याने बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली. २०१० मध्ये डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले, त्याच्या काही दिवस आधी त्याने विद्यापीठाला २६ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. त्यांतले सहा लाख अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्तीसाठी. पुढे २०११ मध्ये खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पाय आपटल्याबद्दल त्याच्यावर दोन सामन्यांची बंदीही आली, ती योग्यच होती. पण कॉलेजमधला त्याचा खेळ तेवढ्याने कमी ठरत नाही.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. लाईनमनविषयी लिहाल तेव्हा सॅकच्या जोडीने पाडलेले पास आणि घाईच्या फेकी हे दोन आकडे जरूर द्यावेत. नोंद होत असल्याने ते मिळतात. आणि फेब्रुवारीत पहाटे उठून सुपर बोल पाहणाऱ्या वाचकांना सांगावे, की स्नॅपनंतरची पहिली दोन सेकंदे चेंडूकडे पाहू नका. सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड, या तिघांतले कितीजण एकाच माणसाकडे धावतात तेवढे मोजा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे