विषय: मागच्या रिटेनिंग वॉलची (भरावाची माती धरणाऱ्या भिंतीची) बुजवलेली भोकं आणि कमिटीचं मौन

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

खरं तर पत्र लिहायचं नव्हतं. ग्रुपवर फोटो टाकले, तुम्हाला लिफ्टमधे गाठून सांगितलं, सेक्रेटरींना मेल केला, दरवेळी "बघतो काकू" यापलीकडे काही नाही. पाऊस सुरू झालाय म्हणून लेखी देतेय, पोच द्यावी.

वरचं पार्किंग आणि बी विंगच्या मधल्या दगडी भिंतीला बिल्डरने पाणी निघायला पाइपची भोकं ठेवली होती. बी-२ वाल्यांच्या नव्या फरशीवर त्यातून गढूळ पाणी यायचं म्हणून त्यांनी गेल्या वर्षी ती सगळी सिमेंटने बुजवली, वरून रंगही मारला, कमिटीकडे ना अर्ज ना विचारणं. अहो ती भोकं शोभेला नसतात. मागे भरावात काळी माती आहे, ती पाणी पिऊन फुगते, पाण्याला वाट नसली की सगळा रेटा भिंतीवर येतो, आणि भिंत माती धरायच्या हिशोबाने बांधलेली असते, मागे तळं साठवायच्या नाही. मधे भिंतीने पोट काढलंय. वर पार्किंगच्या कडेला चीर गेलीय, माझ्या छत्रीचं टोक आरामात आत जातं. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची अशीच भिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ जण गेले, वर लावलेल्या गाड्याही खाली आल्या. पुण्यात राहून हे मी सांगायला हवं का?

सेक्रेटरी म्हणतात भिंत बी-२ वाल्यांच्या अंगणाला लागून आहे, त्यांचं ते बघतील. असं कसं? सोसायट्यांच्या नियमांचे आदर्श उपविधी काढून बघा, सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांमधे कंपाउंड वॉल आहे, मग ही त्याहून मोठी भिंत कुणाची? आणि १५ वर्षं झालेल्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, लागतं, आपलं कधी झालं? गेटवर ग्रॅनाइटची पाटी लावायला मात्र फंड होता.

बी-२ वाल्यांबद्दल माझ्या मनात वैयक्तिक काही नाही. पण विषय निघालाच आहे तर रस्त्याकडच्या कंपाउंडवर त्यांनी बांधलेली हिरवी ताडपत्री पण बघावी, नियमात पुढच्या भिंतीची उंची १.५ मीटर, २.४ पर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा हवा. शिवाय जिन्यातला चपलांचा स्टँड, मांजरांना टाकलेली मासळी, आणि होळीला माझी कढीपत्त्याची कुंडी कुणी हलवली ते त्यांनाच माहीत. ए विंगमधल्या जवळजवळ सगळ्यांचं हेच म्हणणं आहे, नावं घेत नाही कारण त्यांना वाईटपणा नकोय. माझ्या पार्किंगवरच्या शेडचा मुद्दा कृपया यात आणू नये, तो पूर्ण वेगळा आहे आणि आधीच्या कमिटीने तोंडी हो म्हटलेलं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. भोकं उघडावीत, खर्च ज्यांनी बुजवली त्यांचा. भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी, बी-२ वाल्यांच्या मेव्हण्यांना नाही, त्यांचं इंटिरियरचं काम आहे. आणि "काकू, काही होत नाही" असं आपणच म्हणालात, तर तोपर्यंत कडेचा माझा स्लॉट आपण वापरावा, मी गेटजवळच्या आपल्या स्लॉटमधे गाडी लावते. रविवारपासून चालेल.

कळावे,
ए-३०४