येळवसेला एक दिवस आधी या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरी होणारी आमची येळवस, झाली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन फोटो हमखास असतात. एक लातूरच्या ओस पडलेल्या रस्त्यांचा, दुसरा कुणाच्या तरी शेतात कोपीपुढे, म्हणजे पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपीपुढे, बसलेल्या पंगतीचा. बघून बरं वाटतं. पण त्या पंगतीत जे वाढलं जातं, त्याची तयारी आदल्या दिवशी होते, आणि तो दिवस कुणाच्याच फोटोत येत नाही. मी औसा तालुक्यातल्या एका गावची, शेतकऱ्याच्या घरातली बाई आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून येळवस करते आहे. लातूर, सोलापूर, पुणे, मुंबईला राहणाऱ्या आमच्याच माणसांसाठी एक विनंती करायची म्हणून हे पत्र. सणाला येताच आहात, तर एक दिवस आधी या.

येळवसेच्या आदल्या दिवशी गाव शांत असतं. ज्याच्या त्याच्या घरी तयारी, त्यामुळे रोजाने कुणी कामाला येत नाही. सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर काहींची कापलेली, काहींची उभी. ज्वारी पोटरीत, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले. सण असला तरी गुरांना सुट्टी नाही. धारा, शेण, वैरण नेहमीसारखंच. गव्हाला पाणी द्यायचं असलं आणि लाईट रात्रपाळीची असली, तर मालक रात्रभर थंडीत रानात असतात आणि सकाळी तसेच कोपीच्या तयारीला लागतात.

कोपीला कडब्याच्या पेंढ्या लागतात. पूर्वी याचा विचारच करावा लागत नव्हता, कारण प्रत्येकाच्या गोठ्याशेजारी गंज असायची. आता खरिपाची ज्वारी जवळजवळ गेली. त्या जागी सोयाबीन आलं, आणि त्याच्या भुसकटाची काही कोप होत नाही. आम्ही मागच्या रब्बीचा कडबा थोडा राखून ठेवतो. दोन-चार घरं त्याच पेंढ्या मागायला येतात, आम्ही देतो. कोपीतल्या पाच पांडवांचे दगड धुऊन त्यांना चुना लावायचा, पुढची जागा सारवायची, हे सगळं आदल्या दिवशीच करावं लागतं, म्हणजे पूजेपर्यंत वाळतं.

भज्जीचं, म्हणजे शेंगांचे सोले आणि रानातल्या भाज्या एकत्र शिजवून केलेल्या भाजीचं, काम मात्र सगळ्यात मोठं. ज्यांनी ती फक्त ताटात पाहिली, त्यांना एका पातेल्यात किती जणांचे हात लागतात हे कळणार नाही. सकाळी दव उतरलं की दुरड्या घेऊन रानात जायचं. तुरीच्या भरलेल्या हिरव्या शेंगा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा. मेथी, चाकवत, चुका, पातीचा कांदा, कोथिंबीर. गाजरं, वांगी, आणि बांधावर जे काही माळवं असेल ते. घरी आणून ओसरीवर पसरलं की डोंगर दिसतो. मग बसायचं सोलायला. तुरीचे सोले काढताना नखं काळी पडतात, बोटांना चीक लागतो. हरभऱ्याच्या आंबेने बारीक चिरा झोंबतात. एवढं करून दुरडीभर शेंगांचे वाटीभर सोले निघतात. हे येळवसेच्या पहाटे करायचं म्हटलं तर होत नाही. त्या दिवशी रात्री तीनलाच चूल पेटलेली असते. बाजरीचे उंडे, भाकरी, तिळाची पोळी, खीर, आणि नऊ-दहापर्यंत सगळं डोक्यावर घेऊन शेताकडे निघायचं असतं.

आंबिलीचंही तसंच. ज्वारीचं पीठ शिजवून, गार करून, ताक घालून बिंदगीत, म्हणजे छोट्या घागरीत, ठेवायचं. रात्रभर मुरली तरच तिला ती आंबट चव येते. लसूण, जिरं, मिरची नंतर. हल्ली काही जण सकाळी घाईने दही घुसळून करतात. पितात सगळे, पण ती आंबील नव्हे, एवढं मी स्पष्ट सांगते.

माझ्या सासूबाईंच्या काळात हे काम जड जात नव्हतं. घरात चार सुना, दोन नणंदा, शेजारच्या बायका. सोले सोलता सोलता गाणी व्हायची, भांडणं मिटायची, नव्या सुनेला सगळं आपोआप कळायचं. आज गावातली कितीतरी घरं अशी आहेत की म्हातारा-म्हातारी दोघंच. येळवसेला मात्र पंधरा-वीस माणसं येणार. ती आलीच पाहिजेत, त्यांच्यासाठीच तर सण आहे. पण त्या वीस जणांचे सोले एक सत्तरीची बाई गुडघे धरून एकटी सोलत असते. आमच्या गल्लीत हे मी दरवर्षी बघते. माझं आवरलं की तिच्याकडे जाऊन बसते, पण दोघींच्या हातांनी किती होणार! मुलांना फोनवर ती सांगते, सगळी तयारी झाली, तुम्ही फक्त जेवायला या. आई असंच सांगणार. ते खरं धरू नका.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या वर्षीची येळवस आली तेव्हा आमच्याकडे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. अनेक घरांत माणसंच उरली नव्हती. सण करावा की नाही यावर बोलणं झालं. शेवटी ज्यांना जमेल त्यांनी करायचं ठरलं. आदल्या दिवशी सगळ्या शेडमधल्या बायका एका जागी सोलायला बसल्या. ज्यांच्या घरी सण नव्हता, त्याही येऊन बसल्या. फार कुणी बोललं नाही. भज्जीत दोन-तीनच भाज्या होत्या. मला त्या वर्षीच्या पंगतीपेक्षा तो आदला दिवसच जास्त आठवतो.

म्हणून संपादक महोदय, तुम्हालाही विनंती, की अमावस्येच्या दोन दिवस आधीच्या अंकात हे छापा. नंतर छापून उपयोग नाही. नोकरीवाल्यांना रजा मिळत नाही, हे मला माहीत आहे. स्थानिक सुट्टी अमावस्येची असते, आदल्या दिवसाची नसते, आणि पुण्या-मुंबईला तर तीही नसते. तरी निदान संध्याकाळपर्यंत पोहोचता आलं तर पाहा. लातूरला राहणाऱ्यांना तर कामावरून सुटल्यावरही येता येईल. पुरुषांनीही सोलायला बसावं, त्यात काही अवघड नाही. मुलांना आणा. शेंग झाडावरून तोडायची कशी, घाट्यात दाणा भरला की नाही हे दाबून ओळखायचं कसं, हे त्यांना आजी दाखवेल.

आणि येताना मिठाईचे खोके, प्लास्टिकच्या ताटल्या काही आणू नका. त्या ताटल्या वाऱ्याने हरभऱ्यात जातात आणि पुढे गुरांच्या पोटात जातात. ताटं घरात आहेत. एखादी जास्तीची चादर मात्र आणा. पहाटे गारठा फार असतो आणि घरातली पांघरुणं पुरत नाहीत.

आपली,
एक शेतकरी महिला,
औसा तालुका, जि. लातूर