ओट्याखालचा सोऱ्या

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या पलीकडच्या घरातल्या तुमच्या लेकाकडून तुम्ही चिंचवडला परत जाऊन तीन आठवडे झाले. त्यानंतर मी दोनदा फोन केला, पण दोन्ही वेळा तुम्ही "यंत्र चालतंय ना?" एवढंच विचारलंत आणि फोन काकूंच्या हातात दिलात. आभार राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. कारण न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या गल्लीत निदान तीन घरांत हेच कचरा दाबायचं यंत्र, ट्रॅश कॉम्पॅक्टर, बंद पडून आहे आणि त्यातल्या एका घरात तर त्यात कांदे-बटाटे ठेवतात. त्यांनीही वाचावं.

ट्रॅश कॉम्पॅक्टर म्हणजे काय हे इथल्या नव्या घरांत राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. डिशवॉशरच्या शेजारी पंधरा इंच रुंदीचं एक कपाट, खाली कचऱ्याचा खोल ड्रॉवर, वर एक जाड लोखंडी पाट. बटण दाबलं की पाट खाली येतो, कचरा दाबतो, वर जातो. आम्ही घर घेतलं तेव्हा ते घराबरोबरच आलं. तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा म्हणालात, "कचरा दाबायला मोटर? आमच्याकडं घंटागाडी आली की पायानं दाबतो." काकूंनी तुम्हाला डोळे वटारले होते, ते मी पाहिलं.

मग गौरीजेवणाचा दिवस आला. एकवीस मोदकांचे चार घाणे झाले आणि नारळाच्या करवंट्या मी घाईत ड्रॉवरच्या डाव्या बाजूला कोंबल्या. बटण दाबलं. पाट खाली गेला, आतून "खर्रर्र" असा आवाज आला आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं. मोटर नुसती गुणगुणत राहिली. पाट खाली अडकलेला, त्यामुळे ड्रॉवर उघडेना. आत केळीची पानं, भाताचं शीत, अळूची देठं. सप्टेंबरातला उकाडा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहवेना.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने टॉर्च मारला, गुडघेही टेकले नाहीत. "हे आता कोणी दुरुस्त करत नाही, नवं घ्या." नवं म्हणजे हजार डॉलरच्या वर. नुसतं येऊन हे सांगण्याचे पैसे मात्र त्याने चोख घेतले. मी तुमच्या सूनबाईला फोनवर हे रडगाणं सांगत होते, आणि पाच मिनिटांत तुम्ही मागच्या दारात. पायात मोजे, हातात काही नाही.

"आवाज कसा आला, तो काढून दाखव," तुम्ही म्हणालात. मी तोंडाने खर्रर्र केलं. "गुणगुण आधी का खर्रर्र आधी?" खर्रर्र आधी. "मग मोटर शाबूत आहे. आटे गेलेत." यंत्राला हातही न लावता! मला तेव्हा वाटलं, म्हातारबुवा फेकतायत. माफ करा.

त्यानंतरचे दोन शनिवार माझ्या डोक्यात अजून जसेच्या तसे आहेत. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. आधी प्लग. "काढलास? मग ओट्यावर ठेव, डोळ्यांसमोर. पाठीमागं असलेला प्लग काढलेला नसतो." मग जाड हातमोजे, कारण आत फुटलेली काच असू शकते. मग तुमच्या लेकाने आणि मी ते धूड बाहेर ओढून जुन्या रजईवर आडवं केलं. तळाच्या पत्र्याचे स्क्रू पाहून तुम्ही म्हणालात, "दोन सुती आहेत." मला कळेना. पाव इंच म्हणजे दोन सूत, इंचाचे आठ सूत. कंपनीत कागदावर मिलिमीटर आले तरी तोंडात सूतच राहिलं, आणि इथे अमेरिकेत येऊन तुम्हाला इंचातला पाना मिळाला याचा तुम्हाला कोण आनंद! मला वाटतं त्या दोन दिवसांत तुम्हाला अमेरिका पहिल्यांदा आवडली. नायगारा बघून आलात तेव्हाही चेहऱ्यावर एवढं काही दिसलं नव्हतं.

तळाचा पत्रा निघाला आणि आतलं दिसलं. मोटर, चेन, दोन्ही बाजूंना दातेरी चक्रं आणि त्यांतून वर गेलेले दोन लांब स्क्रू. पाटाच्या दोन कानांत दोन नट. स्क्रू फिरले की नट चढतात किंवा उतरतात, आणि त्यांच्याबरोबर पाट. तुम्ही खुर्चीतून वाकलात आणि हसायला लागलात. "अगं, हा तर सोऱ्या आहे! पितळी, दांडा फिरवायचा. हा त्याचा दट्ट्या." मग तुम्ही मला हिशोब सांगितलात. मोटर हॉर्सपॉवरच्या एक तृतीयांशची, पाटाचा जोर दोन हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे जवळपास टनभर. एवढा जोर आला कुठून? स्क्रूच्या आट्यांतून. पुष्कळ फिरायचं, थोडंसं सरकायचं.

चेन मी हाताने फिरवली, एकेक दात. उजवी बाजू गुपचूप चढली. डावीकडे स्क्रू फिरत होता पण नट मधूनच सुटत होता. ओझं नव्हतं म्हणून उरलेल्या आट्यांनी कशीबशी साथ दिली आणि पाट तिरका होऊन का होईना, वर सरकला. ड्रॉवर उघडला. त्या वासाचं वर्णन इथे करत नाही, तुमचा लेक अंगणात पळाला एवढं पुरे. डाव्या स्क्रूच्या आट्यांत पांढरा भुगा भरला होता. तो चिमटीत घेऊन तुम्ही म्हणालात, "हा नट. मुद्दाम मऊ केलेला असतो. लेथवर पण तसंच. कुणीतरी झिजायचंच, तर स्वस्तातलं झिजावं." करवंट्या एका बाजूला होत्या, सगळा भार डाव्या नटावर आला, हा तुमचा निष्कर्ष. त्या दिवसापासून आमच्याकडे जड काहीही ड्रॉवरच्या मधोमध जातं आणि करवंट्या तर जातच नाहीत.

नट मागवायचे ते जोडीने, हेही तुमचंच. मी एकच मागवणार होते. "एक नवा, एक जुना, मग पाट लंगडा." ड्रॉवरच्या चौकटीवरचा मॉडेल नंबर टाकून दोन्ही मागवले, आणि दोहोंची मिळून किंमत त्या दुरुस्तीवाल्याच्या नुसत्या भेटीपेक्षा कमी निघाली.

बसवताना मात्र मी रडकुंडीला आले. नट चढले, ग्रीस लावलं, चेन घातली, आणि तुम्ही पोलादी पट्टी मागितलीत. पाटापासून वरच्या चौकटीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायला लावलंत. दीड सुताचा फरक. तुम्हाला ते नुसत्या डोळ्यांनी आधीच दिसलं होतं, हे मला नंतर कळलं. चेन परत काढली, डावा स्क्रू तेवढाच फिरवला, परत मोजलं, आता उलट्या बाजूला फरक. तिसऱ्यांदा जुळलं. तुम्ही एका अक्षराने घाई केली नाहीत. चहा दोनदा गार झाला.

आणि तो कागद! यंत्राच्या आत चिकटवलेली वायरिंगची आकृती. इंग्रजी मी वाचायची, रेघा तुम्ही. तुम्हाला एकच प्रश्न छळत होता, कचरा पुरेसा दाबला गेला हे याला कळतं कसं? दाब मोजणारं आत काहीच नाही. अर्ध्या तासाने तुम्ही मांडीवर थाप मारलीत. घरघंटीच्या मोटरीत असतो तसा यात सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटर वेगात असताना तो सुटलेला. पाट कचऱ्याला टेकला, मोटर अडली, वेग पडला, की तो टक् करून परत लागतो आणि मोटर नव्याने सुरू व्हायला बघते. पण पाट खाली उतरताना दिशेचा स्विच आधीच पालटलेला असतो. म्हणून ती सुरू होते ती उलटी. पाट वर जातो, वरच्या स्विचला लागतो, बंद. "अडली की मागं फिरते. बास, एवढंच," तुम्ही दोनदा म्हणालात. व्हर्लपूलने १९६९ साली पहिल्यांदा हे घरगुती यंत्र बाजारात आणलं, हे मी सांगितल्यावर तुम्ही बोटांवर मोजलंत आणि म्हणालात, त्या साली मी आयटीआयमध्ये फाइल घासत होतो.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहिते. आमच्या सांगलीच्या घरी फ्यूज गेला की दादा टॉर्च धरायचा आणि मला बाबा म्हणायचे, "तू बाजूला हो, शॉक बसेल." ते काळजीनेच म्हणायचे. आज मी पंचेचाळीस वर्षांची, रोज चार देशांतल्या लोकांचं सॉफ्टवेअर सांभाळते, आणि तरी त्या पत्र्याचा पहिला स्क्रू काढायच्या आधी मी नकळत बाजूला झाले होते, तुमच्या लेकाला जागा द्यायला. तुम्ही म्हणालात, "तो धरेल. पाना तुझ्या हातात." मी स्क्रू उलटा फिरवला तेव्हा तुमचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते, ते मला मायक्रोवेव्हच्या काचेत दिसत होतं. चाळीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल! काका, त्या बांधलेल्या हातांसाठी आभार.

यंत्राची गरज तशी आता कमीच आहे. न्यू जर्सीत १९८७ पासून कायद्याने बाटल्या, डबे, कागद वेगळे द्यावे लागतात, मग दाबायला उरतं काय? तुम्ही म्हणालात तेही बरोबरच, की दाबल्याने कचरा कमी होत नाही, फक्त पिशवी उचलवत नाही. पण सोमवारी रात्री मी मुद्दाम बटण दाबते आणि तो टक् ऐकते. परवा लेकीने विचारलं, आई हा आवाज कसला? तिला खाली बसवून तळाचा पत्रा दाखवला. या शनिवारी तो ती उघडणार आहे. प्लग ओट्यावर ठेवायचं सांगितलंय.

झिजलेला डावा नट तुम्ही खिशात घालून नेलात, कट्ट्यावर दाखवायला. उजवा अजून बरा आहे. तो फेकला नाही, मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवलाय. काकूंना नमस्कार.

तुमची,
पलीकडच्या घरातली